प्लीहा काढली असेल, तर ताप अंगावर काढू नका

‘प्लीहा काढली तरी माणूस जगतो’ हे वाक्य ऑपरेशनआधी नातेवाइकांना हमखास ऐकवलं जातं, आणि ते खरंच आहे. मोटरसायकल घसरून डाव्या बरगड्यांवर आपटलेल्या तरुणाची फुटलेली प्लीहा काढून त्याचा जीव वाचवतात. थॅलेसेमियाच्या मुलाची, प्लेटलेट सतत कमी होणाऱ्या बाईचीही काढतात. टाके निघतात, माणूस कामाला लागतो, वर्षं जातात. मग एका संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, घरातली पॅरासिटामॉलची गोळी घेतली जाते आणि ‘सकाळी बघू’ असं ठरतं. इतर कुणाच्या बाबतीत हे ठरवणं शहाणपणाचं असेल; प्लीहा नसलेल्या माणसाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. त्या रात्री काय करायचं आणि तशी वेळ येऊ नये म्हणून आधी काय करून ठेवायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. मात्र कारण कळल्याशिवाय यातली कोणतीच गोष्ट वर्षानुवर्षं पाळली जात नाही, म्हणून आधी थोडं कारणांबद्दल.

पोटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, मुठीएवढा जांभळट अवयव असतो. मोठ्या माणसात त्याचं वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. गावाकडे याला पाणथरी म्हणतात, आणि एरवी तिची आठवण होते ती फक्त ती वाढल्यावर. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा साधारण विसावा भाग या छोट्या अवयवातून जातो. आत गेल्यावर रक्ताचा वेग एकदम मंदावतो. तांबड्या पेशींना स्वतःपेक्षा कितीतरी अरुंद फटींतून अंग चोरून पलीकडे जावं लागतं. म्हाताऱ्या, ताठर झालेल्या पेशी तिथंच अडकतात आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. मलेरियाचे परजीवी घेऊन फिरणाऱ्या पेशीही इथंच पकडल्या जातात. काही वेळा तर पेशीला जिवंत ठेवून तिच्या पोटातला नको तो ऐवज तेवढा काढून घेतला जातो.

हे झालं साफसफाईचं काम. ते यकृत आणि अस्थिमज्जा बऱ्यापैकी सांभाळून घेतात, म्हणूनच प्लीहा काढल्यावरही माणूस ठणठणीत दिसतो. सांभाळून घेता येत नाही ते दुसरं काम.

काही जिवाणूंच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं बुळबुळीत आवरण असतं. न्यूमोकोकस (न्यूमोनिया आणि मेंदूज्वराचा नेहमीचा आरोपी), मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, ज्याला आपण हिब म्हणतो, ही यातली मुख्य तीन नावं. भक्षक पेशींना यांच्यावर पकडच बसत नाही. अंगाला तेल चोपडून उतरलेला पैलवान हातातून निसटतो, तसे हे निसटतात. आखाड्यात त्यावर उपाय एकच: मूठभर तांबडी माती उचलून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकायची. रक्तातल्या अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जिवाणूच्या अंगावर चिकटतात, ती ही माती. एकदा ती लागली, की यकृतातल्या भक्षक पेशीही जिवाणू सहज उचलतात.

आता अडचण बघा. साखरेच्या आवरणाविरुद्ध पहिल्याच भेटीत, फार वेळ न दवडता अँटिबॉडी बनवणाऱ्या खास बी-पेशी प्रामुख्यानं प्लीहेत राहतात. तिच्यातल्या लाल आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवरच्या पट्ट्यात, मंद रक्तप्रवाहाच्या काठावर, त्यांचं ठाणं असतं. शिवाय माती पुरेशी लागलेली नसतानाही असे जिवाणू रक्तातून गाळून घेण्याची ताकद प्लीहेइतकी दुसऱ्या कुणात नाही. प्लीहा गेली, की ही फळीच नाहीशी होते. न्यूमोकोकस रक्तात शिरला तर त्याला अडवायला वेळेवर कुणी येत नाही, आणि त्याची संख्या तासातासाला वाढते.

म्हणजे प्लीहा नसलेल्या माणसाची सगळी प्रतिकारशक्ती गेलेली नसते. सर्दी-पडशाचे विषाणू त्याला इतरांपेक्षा फार छळत नाहीत. लग्नकार्य, बाजार, लोकलचा प्रवास यांतलं काहीही सोडायची गरज नाही. धोका मोजक्या शत्रूंचा आहे. पण ते शत्रू वेगवान आहेत. प्रमाण सांगायचं तर प्लीहा काढलेल्या हजार माणसांत वर्षाला साधारण दोन ते पाच जणांना असा गंभीर जंतुसंसर्ग होतो. आकडा लहान वाटेल, पण झालाच तर त्यातले निम्म्याच्या आसपास दगावू शकतात. पहिली दोन-तीन वर्षं आणि लहान वय यांत जोखीम सर्वांत जास्त, पण ती शून्यावर कधीच येत नाही. ऑपरेशननंतर वीस वर्षांनीही असे संसर्ग झालेले आहेत.

वैद्यकालाही हे फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या किंग आणि शूमॅकर या शल्यविशारदांनी 1952 मध्ये पाच तान्ह्या बाळांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. जन्मजात रक्तदोषामुळे त्यांची प्लीहा काढली होती आणि नंतर त्यांना गंभीर जंतुसंसर्गांनी गाठलं होतं. तोवर प्लीहा म्हणजे असली काय, नसली काय, असाच समज होता. आज अपघातात प्लीहेला चीर गेली आणि रुग्ण स्थिर असेल, तर सर्जन नुसतं लक्ष ठेवतात, रक्तस्राव होणारी शीर आतून बंद करतात किंवा प्लीहेचा निरोगी भाग राखतात. तुमच्या माणसाबाबत सर्जन ‘थांबून बघू’ म्हणाले, तर ती दिरंगाई आहे असं समजून त्यांच्याशी भांडू नका. रक्तविकारासाठी ऑपरेशन करायचं असेल, तर मुलाला पाच-सहा वर्षांचं होऊ द्यावं असं सांगतात, तेही याचसाठी.

लसींकडे येऊ. मातीचं उदाहरण इथं पुन्हा उपयोगी पडतं: लस म्हणजे जिवाणू यायच्या आधीच आखाड्यात माती आणून ठेवणं. लस प्लीहेची जागा घेत नाही. अँटिबॉडी आधीच तयार ठेवून यकृताचं काम सोपं करते. म्हणून ठरवून ऑपरेशन करायचं असेल, तर लसी निदान दोन आठवडे आधी पूर्ण व्हायला हव्यात, म्हणजे प्लीहा जागेवर असतानाच शरीराची तयारी होते. अपघातात तातडीनं काढावी लागली, तर साधारण दोन आठवड्यांनी द्याव्यात. मात्र रुग्ण परत येईल याची खात्री नसेल, तर घरी सोडतानाच टोचलेली बरी. सर्वांत जास्त गळती इथंच होते. डिस्चार्ज कार्डावर ‘लसीकरणाचा सल्ला दिला’ एवढी एक ओळ असते, टाके काढायच्या गडबडीत ती कुणी वाचत नाही, आणि सर्जनला वाटतं फिजिशियन बघेल, फिजिशियनला वाटतं सर्जननं दिली असेल. तेव्हा तुम्हीच विचारा: कोणत्या लसी झाल्या, कोणत्या राहिल्या, पुढची तारीख कोणती? उत्तर कागदावर लिहून घ्या.

न्यूमोकोकसच्या लसी दोन जातींच्या आहेत. कॉन्जुगेट लसीत जिवाणूची साखर एका प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे ती लहान बाळांतही काम करते आणि तिची आठवण जास्त टिकते. दुसरी नुसत्या साखरेची, तेवीस प्रकारांवरची. दोन वर्षांखालच्या मुलांत ती चालत नाही, कारण त्यांच्या प्लीहेचा तो सीमेवरचा पट्टा अजून तयार झालेला नसतो. सर्वसाधारण क्रम असा, की आधी कॉन्जुगेट, किमान आठ आठवड्यांनी तेवीसवाली, आणि पाच वर्षांनी तिचा पुन्हा एक डोस. नव्या, जास्त प्रकारांच्या कॉन्जुगेट लसीनंतर हे वेळापत्रक बदलतं, म्हणून आधी घेतलेल्या लसीचं नाव जपून ठेवा. मेनिंगोकोकसची चार प्रकारांवरची लस दोन महिन्यांच्या अंतरानं दोनदा, आणि पुढे दर पाच वर्षांनी. ही लस आपल्याकडे हजला जाणाऱ्यांना आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या वसतिगृहात राहायला निघालेल्या विद्यार्थ्यांना चांगली माहीत असते. प्लीहा काढलेल्यांना तिचं नावही माहीत नसतं, ही आपल्या व्यवस्थेची गंमतच म्हणायची. हिबची लस लहानपणी झाली नसेल तर एक डोस. फ्लूची दरवर्षी, कारण फ्लूनंतर फुप्फुसात शिरणारा पाहुणा बहुधा न्यूमोकोकसच असतो. टायफॉइडची कॉन्जुगेट लसही आपल्या देशात घ्यावी. त्याच्या जिवाणूलाही आवरण असतं.

आजची लहान मुलं या बाबतीत नशीबवान आहेत. हिबची लस पेंटाव्हॅलंटमधून आणि न्यूमोकोकसची कॉन्जुगेट लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. दुसरी 2017 मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली. त्याआधी जन्मलेल्यांनी आपल्याला ती मिळालेली नाही असंच धरून चालावं. तेवीसवाली आणि मेनिंगोकोकसची मात्र बहुतेकांना खिशातूनच घ्यावी लागते, आणि त्या स्वस्त नाहीत. पैसे टप्प्याटप्प्यानं घालायचे असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. न्यूमोकोकसपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण असे बहुसंख्य संसर्ग तोच घडवतो.

लसी सगळे प्रकार झाकत नाहीत. म्हणून दुसरी फळी रोजच्या पेनिसिलिनची. सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिनची गोळी दिली, तर न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी होतात, असं अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. 1986 मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि फरक इतका ठळक होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. लहान मुलांना ही गोळी निदान पाच वर्षांची होईपर्यंत, आणि प्लीहा काढलेल्या मोठ्यांना पहिली एक ते तीन वर्षं देतात. आधी एकदा असा संसर्ग होऊन गेलेल्यांना जन्मभर. यापुढे कुणी किती वर्षं घ्यावी यावर देशादेशांत मतभेद आहेत; ब्रिटनमधले डॉक्टर दीर्घकाळ द्यायच्या बाजूला झुकतात. माझ्या मते वाद घालण्यापेक्षा स्वतःकडे प्रामाणिकपणे बघावं. गोळ्या नियमित घेणार नसाल, तर डॉक्टरांना तसं सांगा, म्हणजे तिसऱ्या फळीवर ते जास्त भर देतील.

तिसरी फळी म्हणजे घरात आणि प्रवासाच्या बॅगेत कायम ठेवलेलं अँटिबायोटिकचं एक पाकीट. ते बहुधा ॲमॉक्सिसिलिन किंवा त्याचं क्लॅव्ह्युलॅनेटबरोबरचं मिश्रण असतं. औषध आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेली हवी, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं हवं, आणि मुदत संपण्याची तारीख वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या साफसफाईत, तपासायला हवी.

आणि आता ती रात्र. थर्मामीटरवर 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. किंवा ताप मोजायच्या आधीच हुडहुडी भरणं, अंग मोडून येणं, उलट्या, पोटदुखी, न सोसणारी डोकेदुखी. सुरुवात अगदी साध्या फ्लूसारखी असते आणि इथंच माणसं फसतात. पुढच्या काही तासांत रक्तदाब कोसळू लागतो, हातपाय गार पडतात, भान हरपू लागतं, कधी त्वचेवर जांभळे डाग उमटतात. पहिल्या हुडहुडीपासून मृत्यूपर्यंत एक-दोन दिवसच गेलेत असं घडलेलं आहे. तेव्हा पाकिटातला पहिला डोस घ्या आणि लगेच निघा. डोस घेऊन घरी पडून राहणं म्हणजे उपचार नव्हे. तो वाटेतला वेळ भरून काढण्यासाठी असतो. नुसती पॅरासिटामॉल घेऊन वाट बघू नका, तिनं ताप उतरतो, जिवाणू नाही. दवाखान्याच्या दारात पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘माझी प्लीहा काढलेली आहे आणि मला ताप आहे.’ रांगेत बसवलं तर पुन्हा, मोठ्यानं सांगा. भीड धरायची ही जागा नाही. तिथं रक्ताचं कल्चर घेऊन शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोनसारखं अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करायला हवं. रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. मोठं हॉस्पिटल दोन तासांवर असेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पहिलं इंजेक्शन घेऊन मग पुढे जा. चार ठिकाणी धावून शेवटी उगाचच गेलो असं निघालं, तरी बिघडत नाही.

आतापर्यंत ऑपरेशन झालेल्यांबद्दल बोललो. महाराष्ट्रात त्यांच्याइतकीच काळजीची गरज असलेली दुसरी माणसं आहेत, ज्यांच्या पोटावर एकही व्रण नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदिया-नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्राणवायू कमी झाला, की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठ होतात. प्लीहेतलं मंद रक्त आणि त्या अरुंद फटी म्हणजे त्यांच्यासाठी कोंडी व्हायची हक्काची जागा. कोंडी पुन्हा पुन्हा होते, प्लीहेचा एकेक भाग मरतो, आणि अनेक मुलांची प्लीहा पहिल्या काही वर्षांतच निकामी होते. आपल्याकडच्या रुग्णांमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त उरत असल्यामुळे प्लीहा पुष्कळदा मोठी राहते आणि हाताला लागते. हाताला लागते म्हणजे काम करते असं मात्र नाही. तेव्हा दोन्ही पालकांकडून जनुक आलेल्या, म्हणजे आजार असलेल्या मुलाला वरच्या तिन्ही फळ्या लागू आहेत: लसी, पेनिसिलिन आणि ताप येताच धाव. नुसता वाहक असलेल्याला त्यांची गरज नसते. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते; कार्ड मिळालं असेल तर त्यावर ‘वाहक’ आहे की ‘रुग्ण’, हे नीट वाचून घ्या.

सिकलसेलच्या मुलांच्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट शिकून घ्यावी: प्लीहा हातानं चाचपणं. कधी कधी शरीरातलं बरंचसं रक्त अचानक प्लीहेत अडकतं, ती काही तासांत फुगते आणि मूल पांढरंफटक पडतं. जमेकामध्ये आयांना घरीच प्लीहा तपासायला शिकवलं, आणि या प्रकारानं होणारे मृत्यू खूप कमी झाले. तिथल्या आयांना जमलं ते अक्कलकुव्यातल्या आईला आणि तिच्या पाड्यावरच्या आशाताईंना न जमण्यासारखं काही नाही. मुलाला पाठीवर झोपवून गुडघे दुमडायला सांगायचे. बोटं सपाट ठेवून बेंबीच्या खालच्या उजव्या बाजूपासून तिरपं वर, डाव्या बरगडीकडे हलकेच सरकायचं. मूल श्वास आत घेतं तेव्हा प्लीहेची कड बोटाला टेकते. बरगडीखाली किती बोटं उतरली आहे ते लक्षात ठेवायचं. मूल बरं असताना आठवड्यातून एकदा बघितलं, की त्याचं नेहमीचं माप समजतं. मग ताप आला किंवा मूल मलूल दिसलं, की लगेच बघायचं. एकदम वाढली असेल तर रक्त चढवायची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. पहिल्यांदा डॉक्टरांच्या समोर शिकून घ्या, आणि दाबू नका.

न दाबण्याचं कारण मोठ्यांनाही लागू आहे. वाढलेली प्लीहा बरगडीच्या आडोशातून बाहेर आलेली असते आणि छोट्या आघातानंही फुटू शकते. इंग्रजी अमदानीत मलेरियानं वाढलेल्या प्लीहा इतक्या सर्रास होत्या, की 1840 च्या दशकात डेम्प्स्टर या डॉक्टरांनी उत्तरेतल्या कालव्यांकाठच्या गावांत प्लीहा चाचपूनच मलेरियाचं प्रमाण मोजलं. याच दुखण्याचा आडोसा घेऊन नोकरांना मारहाण करणारे गोरे साहेब सुटत. आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलानं कटवारू या मोतद्दारावर हात टाकला आणि तो मेला. प्लीहा आधीच वाढलेली होती म्हणून न्यायालयानं 30 रुपये दंडावर भागवलं, आणि 1876 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लिटनला त्यावर जाहीर नाराजी नोंदवावी लागली. असो. कोणत्याही कारणानं प्लीहा मोठी असलेल्या मुलाला कबड्डी, कुस्ती आणि दुचाकीच्या टाकीवर पुढे बसवणं टाळा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. कुत्रं चावलं किंवा त्यानं उघडी जखम चाटली, तर रेबीजची लस आहेच, पण प्लीहा नसलेल्यांनी अँटिबायोटिकही त्याच दिवशी सुरू करायला हवं. कुत्र्याच्या लाळेतला एक जिवाणू निरोगी माणसाला सहसा काही करत नाही आणि यांना मात्र ठार करू शकतो. मलेरिया असलेल्या भागात, मग ती गडचिरोली असो की आफ्रिका, जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या घ्या आणि मच्छरदाणी वापरा. दातांच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि डबे यांतलं काहीही यातल्या एकाही फळीला पर्याय नाही. ते पैसे तेवीसवाल्या लसीला घाला.

लहानपणी पोटाचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं, कशाचं ते आता घरात कुणालाच सांगता येत नाही, असेही पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. त्याहून स्वस्त तपासणी रक्ताच्या काचेची आहे: प्लीहा काम करत नसेल, तर तांबड्या पेशींत हॉवेल-जॉली नावाचे गडद ठिपके दिसतात, जे एरवी ती काढून टाकते. पॅथॉलॉजिस्टना चिठ्ठीवर मुद्दाम तसं विचारावं लागतं.

पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी ठेवा, आणि तिचाच फोटो मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर लावा: प्लीहा नाही, ऑपरेशनचं वर्ष, झालेल्या लसी तारखांसह, औषधांची ॲलर्जी, घरच्या माणसाचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरात ‘ताप असल्यास ताबडतोब शिरेतून अँटिबायोटिक’. घरातल्या निदान दोघांना ती कुठे आहे हे माहीत असू द्या, कारण गरज पडेल तेव्हा तुम्ही स्वतः बोलण्याच्या स्थितीत असालच असं नाही.